‘च’ची भाषा आणि तिचें व्याकरण

“चतूं चठेंको चतोसजा?” हा प्रश्न ज्याच्या कानीं प्रथमच पडेल, त्यास तो एखाद्या अपरिचित बेटावरील लोकांच्या बोलण्यासारखा वाटेल. परंतु ज्याचें बालपण मराठी घरांत गेलें, त्यास ह्या प्रश्नाचा अर्थ बहुधा विचारावा लागत नाहीं. मग त्याचें वय आठ वर्षांचें असो वा ऐशीं वर्षांचें. “तूं कोठें जातोस?” एवढेंच साधें वाक्य येथें वेष पालटून उभें आहे. हीच ती ‘च’ची भाषा.

ह्या भाषेला गुरु नाहीं, ग्रंथ नाहीं, कोश नाहीं. दहा वर्षांची मुलगी ती आठ वर्षांच्या धाकट्या बहिणीस शिकविते आणि वडील माणसांसमोर दोघी निर्धास्तपणें गुप्त मसलती करूं लागतात. मुलांचें एक कल्पित राज्य असतें, त्या राज्याची ही दरबारी भाषा. मोठीं माणसें तिच्याकडे पोरखेळ म्हणून पाहतात. तथापि पोरखेळांतही नियम असतात, आणि जेथें नियम आहेत तेथें व्याकरण शोधतां येतें. ह्या भाषेचे ध्वनि कसे बदलतात, तिचें स्वतःचें असें व्याकरण कितपत आहे, आणि खऱ्या भाषेपासून ती नेमकी कोठें निराळी पडते, हें पाहणें मनोरंजक तर आहेच. शिवाय त्यांतून आपल्या शेजारच्या बोलींकडे पाहण्याची एक दृष्टि लाभते.

प्रथम मुख्य नियम घ्यावा. शब्दाचें पहिलें अक्षर काढून शेवटीं ठेवावें आणि उरलेल्या शब्दाच्या आरंभीं ‘च’ जोडावा. ‘पाणी’ ह्याचें ‘चणीपा’ होतें, ‘पुस्तक’ ह्याचें ‘चस्तकपु’, आणि ‘आई’ हिची ‘चईआ’. शब्द एकाक्षरी असेल तर हलविण्यास कांहीं उरत नाहीं. तेथें नुसता ‘च’ पुढें येतो. म्हणून ‘मी’ चें ‘चमी’ आणि ‘तो’ चें ‘चतो’. चर्चगेटहून सुटलेली विरार गाडी खाडी ओलांडून वसईच्या बाजूस आली कीं मुलांस अभ्यासासाठीं उदाहरणें आयतींच मिळतात. नायगांव म्हणजे ‘चयगांवना’, वसई म्हणजे ‘चसईव’, सोपारें म्हणजे ‘चपारेंसो’ आणि विरार म्हणजे ‘चरारवि’. गाडींतून उतरून आगाशीस जावयाचें असल्यास ‘चगाशीआ’, आणि पुढें समुद्रकांठीं अर्नाळ्यास जावयाचें असल्यास ‘चर्नाळाअ’.

आतां ह्या नियमांत एक मोठी गोष्ट दडलेली आहे. मूल जें हलवितें तें अक्षर होय, वर्ण नव्हे. ‘पाणी’ शब्दांत प्, आ, ण्, ई असे चार वर्ण आहेत. परंतु मूल ‘प्’ एकटा उचलून शेवटीं नेत नाहीं, ‘पा’ हें सबंध अक्षर नेतें. इंग्लंड-अमेरिकेंतील मुलांचा असाच एक खेळ आहे. त्यास ‘पिग लॅटिन’ म्हणतात. त्यांत शब्दारंभींचीं केवळ व्यंजनें शेवटीं जातात आणि त्यांपुढें ‘ए’ हा स्वर लागतो. म्हणजे ‘स्कूल’ ह्याचें ‘ऊलस्के’ होतें. ‘स्कू’ हें अक्षर तेथें फुटतें आणि त्यांतील ‘ऊ’ मागें राहतो. फ्रान्समध्यें मात्र तरुण मंडळी शब्दांचीं अक्षरेंच उलटीं करितात. ‘उलटें’ ह्या अर्थाचा ‘लांवेर’ हा शब्द उलटून त्यांनीं आपल्या बोलीस ‘वेर्लां’ हें नांव दिलें आहे. ह्यावरून असें दिसतें कीं प्रत्येक समाजाचें मूल आपल्या भाषेचा सांधा जेथें सैल असेल तेथेंच तिला वांकवितें. मराठी मुलाच्या कानांत अक्षर हें एक अखंड माप आहे, आणि बाराखडी घोकून तें माप अधिकच पक्कें होतें.

तथापि अक्षर फोडतां येतच नाहीं असें नाहीं. ‘रफ’ची भाषा म्हणून ह्या भाषेची एक बहीण आहे. तींत व्यंजन आणि त्याचा स्वर ह्यांच्या मध्यें ‘रफ’ घालतात. ‘मी’ चें ‘मरफी’ आणि ‘तूं’ चें ‘तरफूं’ होतें. येथें मूल अक्षराची चीर बरोबर पाडतें आणि स्वर अलगद पलीकडे नेतें. वर्ण आणि अक्षर ह्यांतील भेद शाळेंत व्याख्येनें शिकवावा लागतो. खेळांत तो व्याख्येवांचूनच हातीं येतो.

ध्वनींच्या दृष्टीनें ‘च’च्या भाषेंत आणखी दोनतीन मौजा आहेत. मराठींत शब्दाच्या शेवटचा अकार बहुधा गिळला जातो. आपण ‘घर’ असें लिहितों, परंतु उच्चार ‘घर्’ असा करितों. ‘च’च्या भाषेंत ह्याचें ‘चरघ’ होतें आणि शेवटीं आलेल्या ‘घ’ चा अकार स्पष्ट उच्चारावा लागतो, नाहीं तर शब्द ओळखूं येत नाहीं. मराठी कानास शेवटच्या पूर्ण अकाराची संवय नसल्यामुळें बोलण्यास एकदम परकेपणा येतो. जोडाक्षराची गोष्ट अशीच. ‘पुस्तक’ म्हणतांना ‘स्’ हा ‘पु’ च्या आधारानें उभा असतो. ‘पु’ निघून गेल्यावर तो निराधार व्हावा. परंतु पुढें आलेला ‘च’ त्यास तत्काळ आधार देतो आणि ‘चस्तकपु’ सहज म्हणतां येतें. म्हणजे हा चकार केवळ शोभेचा नाहीं. निर्मळ, अर्नाळा अशा शब्दांत पहिलें अक्षर काढल्यावर जो उच्चाराचा खड्डा पडतो, तो बुजविण्याचें काम तो करितो. मराठींत चकाराचे उच्चारही दोन आहेत; एक ‘चाक’ ह्यांतला, दुसरा ‘चिमणी’ ह्यांतला. ह्या भाषेंत मात्र चकारापुढें सदैव अकारच असल्यामुळें बोलणारा ज्या उच्चारानें आरंभ करील तोच शेवटपर्यंत टिकतो.

ह्या गुप्त भाषेचा दुबळेपणाही पाहण्यासारखा आहे. ज्या वडील माणसांपासून गुपित राखावयाचें, त्यांचींच नांवें तींत लपत नाहींत! ‘काका’ ह्याचें ‘चकाका’ होतें. मामा, दादा, बाबा, नाना ह्या सर्वांची गत तीच. दोन्ही अक्षरें सारखीं असल्यामुळें अदलाबदल होऊनही कांहीं बदलत नाहीं आणि काकांचे कान टवकारतात. उलट पक्षीं कांहीं शब्द चांगलेच फसवितात. ‘चनव’ ऐकतांच अजाण श्रोत्यास आंत ‘नव’ दिसतो, परंतु मूळ शब्द ‘वन’ असतो; आणि ‘चवन’ म्हटलें कीं मूळ शब्द ‘नव’. तेव्हां ह्या भाषेचें खरें कुलूप नियमांत नाहीं, वेगांत आहे. नियम अर्ध्या मिनिटांत सांगतां येतो. पण पांच शब्दांचें वाक्य एका श्वासांत बोलणें आणि तितक्याच झपाट्यानें ऐकून उकलणें ह्यास संवय लागते.

येथपर्यंत ध्वनींचा विचार झाला. आतां व्याकरणाकडे वळावें. “मुलांनीं घरांत पाणी आणलें” हें वाक्य ‘च’च्या भाषेंत “चलांनींमु चरांतघ चणीपा चणलेंआ” असें होईल. तृतीयेचा ‘नीं’ आणि सप्तमीचा ‘त’ हे प्रत्यय नाहींसे झाले नाहींत. शब्दाचें मस्तक मागें गेल्यामुळें ते त्याच्या पोटांत शिरले, इतकेंच. ‘तो गेला’ ह्याचें ‘चतो चलागे’ आणि ‘ती गेली’ ह्याचें ‘चती चलीगे’. लिंगभेद जशाचा तसा. ‘पाणी’ नपुंसकलिंगी असल्यामुळें ‘आणलें’ हें रूप आलें, तेंही कायम. कर्ता प्रथम, क्रियापद शेवटीं, हा क्रमही मराठीचाच. सारांश, ह्या भाषेला स्वतःची एकही विभक्ति नाहीं, एकही काळ नाहीं, एकही धातु नाहीं. वाक्याची सर्व घडण मराठींत पुरी होते, आणि मग शेवटच्या क्षणीं, ओठांवर येतां येतां, प्रत्येक शब्दास मुखवटा चढविला जातो. व्याकरणांत चुकणारें मूल ‘च’च्या भाषेंतही नेमकें तेथेंच चुकेल.

मोठ्या माणसांनीं रचलेल्या सांकेतिक भाषा ह्याहून फार पुढें गेल्या आहेत असें समजण्याचें कारण नाहीं. वात्स्यायनानें चौसष्ट कलांच्या यादींत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे सांकेतिक शब्दांनीं बोलण्याची कला गणली आहे. महाराष्ट्रांतील जुन्या बाजारपेठांत दलाल ‘नंदभाषा’ वापरीत. तींत एकास ‘केवली’, दोहोंस ‘अवारू’, तिहींस ‘उधानू’, चोहोंस ‘पोकू’, पांचांस ‘मुळू’ आणि रुपयास ‘भुरका’ म्हणत. येथें अक्षरांची उलटापालट नाहीं, शब्दच नवे आहेत. परंतु ‘भुरका’ ह्याचें अनेकवचन मराठी नियमानेंच ‘भुरके’ होणार आणि वाक्यही मराठीच राहणार. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहून ठेविले. त्या लिपींची किल्ली हातीं आल्यावर विसाव्या शतकांत वि. का. राजवाडे, ठाण्याचे वि. ल. भावे इत्यादि संशोधकांनीं तें भांडार मराठी वाचकांपुढें मांडिलें. आणि आंत निघाली ती रसाळ जुनी मराठी.

करपल्लवींत तर मुखही बंद असतें. वर्णमालेचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गास हाताची एक खूण ठरविलेली असते. कवर्गास कमळ, चवर्गास चक्र, पवर्गास पल्लव, आणि स्वरांस सापाची फणा. खुणेनंतर जितकीं बोटें दाखवावीं तितकावा वर्ण समजावयाचा. ‘वसई’ सांगावयाची असल्यास यवर्गाची खूण करून चार बोटें, म्हणजे ‘व’. शवर्गाची खूण करून तीन बोटें, म्हणजे ‘स’. आणि शेवटीं फणा काढून चार बोटें, म्हणजे ‘ई’. कोठें अक्षरें फिरविलीं, कोठें शब्द बदलले, कोठें लिपि बदलली, कोठें जिभेचें काम हाताकडे दिलें. परंतु मातृभाषेच्या व्याकरणास कोणींही हात लाविला नाहीं.

व्याकरणही नवें करावें असा प्रयत्न करणारे लोक पुढें निघाले. १८८७ सालीं झामेनहॉफ ह्यांनीं प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतो भाषेंत प्रत्येक नाम ओकारान्त, प्रत्येक विशेषण आकारान्त, आणि अपवाद कोठेंच नाहीं. हा व्यवहारासाठीं केलेला उद्योग झाला. कथेंतील कल्पित जगासाठीं भाषा रचणाऱ्यांत इंग्रज पंडित टोल्किन ह्यांचें नांव सर्वांत मोठें. त्यांचा आरंभही मुलांच्या खेळांतूनच झाला. लहानपणीं नात्यांतील मुलांबरोबर ते ‘नेव्हबॉश’ नांवाची एक बनावट भाषा बोलत. तिचे शब्द इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन शब्द मोडून केलेले होते, आणि तिच्या नांवाचा अर्थच ‘नवी वटवट’ असा होता. ही हकीकत त्यांनीं १९३१ सालच्या एका व्याख्यानांत सांगितली आहे. पुढें १९५४-५५ सालीं त्यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही प्रचंड कथा प्रसिद्ध झाली, तोंवर त्या पोरखेळाच्या जागीं क्वेन्या आणि सिंदारिन ह्या दोन रेखीव भाषा उभ्या राहिल्या होत्या. पहिलीस फिनलंडच्या भाषेचा नाद, दुसरीस वेल्सच्या भाषेचा. आपल्या देशांत २०१५ सालीं ‘बाहुबली’ चित्रपटांतील कालकेय टोळीसाठीं मदन कार्की ह्यांनीं ‘किलिकी’ भाषा रचिली. तींत ‘मिन’ म्हणजे मी आणि ‘निम’ म्हणजे तूं. एकाच शब्दाचे ध्वनि उलट केले कीं समोरचा मनुष्य उभा राहतो. मुलांची उलटापालट येथें नुसता मुखवटा राहिली नाहीं, तिला अर्थ आला.

टोल्किनच्या भाषा खऱ्या वाटतात ह्याचें रहस्य मात्र निराळें आहे. त्यांनीं शब्द सुटे सुटे रचिले नाहींत. प्रथम एक प्राचीन मूळ भाषा कल्पिली, आणि तिचे ध्वनि दोन शाखांत दोन निरनिराळ्या नियमांनीं झिजविले. ‘वृक्ष’ ह्या अर्थाचा एकच मूळ शब्द क्वेन्यांत ‘आल्दा’ झाला आणि सिंदारिनमध्यें ‘गालाध’. म्हणजे त्यांनीं भाषेस इतिहास दिला. हें अनुकरण त्यांनीं निसर्गाचें केलें, आणि निसर्गाचें तें काम पाहण्यास विरार गाडींतून दूर जावें लागत नाहीं. सोपारें हें एकेकाळचें मोठें बंदर. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तेथें सांपडले आहेत. त्याचें संस्कृत नांव शूर्पारक. पालींत तें सुप्पारक झालें. शकार सकारांत मिळाला, रेफ पुढच्या पकारांत विरला आणि द्वित्व राहिलें. पुढें तें द्वित्वही सुटलें, शेवटचा ककार गळला आणि सोपारें उरलें. हें कोणी ठरवून केलें नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या जिभा वळत गेल्या. तरी त्यांत गोंधळ नाहीं. जो रेफ शूर्पारकांत विरला तोच ‘सर्प’ शब्दांतही विरला, म्हणून आपण ‘साप’ म्हणतों. ‘कर्म’ ह्याचें ‘काम’ झालें तें ह्याच वाटेनें.

आतां ज्या गोष्टीसाठीं एवढा प्रपंच केला तिच्याकडे येणें प्राप्त आहे. वसईच्या पश्चिमेस गास, भुईगांव, निर्मळ, नंदाखाल ह्या वाड्याबागाइतीच्या गांवांतून सामवेदी, अथवा कादोडी, ही बोली बोलली जाते. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती असे दोन्ही समाज ती बोलतात. धर्म दोन झाले तरी बोली एकच राहिली. तिच्याच शेजारीं वाडवळी नांदते. शहरांतून आलेल्या सुशिक्षित मनुष्याच्या कानावर ही बोली पडली कीं त्यास वाटतें, ही मराठीचीच कोणीतरी मोडतोड केली आहे. जणुं ही मोठ्या माणसांची ‘च’ची भाषा. ‘सात’ ह्यास तेथें ‘हात’ म्हणतात हें ऐकून तो हंसतो.

परंतु वर जी कसोटी हातीं आली ती येथें लावून पाहावी. मूळच्या सकाराचा हकार होणें हा त्या बोलींतील वळणाचा बदल आहे, एका शब्दाची गंमत नव्हे. शिवाय हा बदल एकट्या वसईचा नाहीं. संस्कृतांतील ‘सप्त’ फारशींत ‘हफ्त’ आहे आणि ग्रीक भाषेंत ‘हेप्ता’ आहे. ‘सिंधु’ हा शब्द इराणी जिभेवर ‘हिंदु’ झाला, आणि तेंच नांव पुढें एका देशास व समाजास मिळालें. तेव्हां ज्या बदलास तेहरानमध्यें आणि अथेन्समध्यें भाषाशास्त्र म्हणावयाचें, त्यास निर्मळच्या तळ्याकांठीं अशुद्ध उच्चार म्हणणें न्यायाचें नव्हे. सर जॉर्ज ग्रियर्सन ह्यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीस वाहिलेला सातवा खंड १९०५ सालीं निघाला. त्यांत सामवेदी आणि वाडवळ ह्या बोलींची स्वतंत्र नोंद आहे.

भेद स्पष्ट आहे. ‘च’च्या भाषेचा नियम एका वाक्यांत सांगून संपतो, आणि तो काढून घेतला कीं खालीं मराठीच उरते. सामवेदीचें तसें नाहीं. कोणताही एक नियम लावून प्रमाण मराठीची सामवेदी करितां येत नाहीं, अगर सामवेदी सोलून आंतून प्रमाण मराठी काढतां येत नाहीं. कारण ती मुखवटा नव्हे, तो चेहरा आहे. तिचीं सर्वनामें, तिचीं क्रियापदांचीं रूपें, तिचीं विहिरीचीं, केळीचीं, पानवेलीचीं, लग्नाचीं गाणीं हीं सर्व तिचींच. मुखवटा हरवला तर दुसरा करितां येतो. चेहऱ्याचें तसें होत नाहीं. घरांत प्रमाण मराठी आणि इंग्रजी शिरतां शिरतां जी बोली नातवंडांच्या तोंडून जाते, ती कोणत्याही टोल्किनला पुन्हां रचतां येणार नाहीं.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांनीं दोन गोष्टी कराव्या. घरांतील मुलें ‘च’च्या भाषेंत बोलूं लागलीं तर त्यांस दटावूं नये; “‘चकाका’ लपत कां नाहीं? ‘अर्नाळा’ म्हणतांना ‘च’ कोणत्या उपयोगीं पडतो?” असें विचारावें. मुलें उत्तर देतील आणि व्याकरण हें पुस्तकांत नसून आपल्याच तोंडांत आहे हें त्यांस उमजेल. आणि ज्या घरांत आजी अजून सामवेदी किंवा वाडवळी बोलते, त्या घरांत तिचा उच्चार सुधारूं नये. तिच्याजवळ बसून शब्द विचारावे, जमल्यास वहींत उतरून घ्यावे, आणि तिला तिच्याच बोलींत उत्तर देण्याचा यत्न करावा. पहिले काही दिवस ती नातवंडांस हंसेल. तें हंसणें मात्र शिकविणाऱ्याचें असेल.